सगळ्यांची मोटार आधी

फ्लेक्स छापणाऱ्या माणसाला गावातलं खोटं गावाच्या आधी कळतं. यवतला हायवेच्या कडेला माझं दुकान आहे. ज्याला घरातली मतं पडली नाहीत तो माझ्याकडे येऊन 'भावी आमदार' होऊन जातो. ज्याच्याकडे लायसन नाही तो वाढदिवसाला 'रस्त्याचा राजा' होतो. मी छापतो. खरं-खोटं करत बसलो तर मशीनची शाई वाळून जाईल. पण सख्ख्या भाच्याचा फ्लेक्स छापायला आला तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

मजकूर पप्पू घेऊन आला होता. पप्पू म्हणजे माझ्या भाच्याचा चुलतभाऊ, खुटबावच्या मदने वस्तीवरच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. कौतुक कुणाचंही असो, कोपऱ्यात फोटो ह्याचा हवाच. मजकूर असा होता : 'मोटार-डब्याचे जनक, खुटबावचे सुपुत्र, संगणकरत्न ज्योतिबा तात्याबा मदने यांचे हार्दिक अभिनंदन.'

"जनक?" मी म्हणालो. "अरे, त्यानं त्या डब्यात चार ओळी घातल्यात फक्त."

"मामा, चार ओळी घातल्या आसं फ्लेक्सवर कोण वाचतंय? तुमी छापा."

मी छापला. धंदा आहे.

आता हा डबा काय आणि चार ओळी कसल्या, ते सांगतो. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरशेजारी एक लहान डबा बसवतात. लाईट आली की तो मोटार आपोआप चालू करतो, फोन लावला की बंद करतो. त्याच्या आत जो प्रोग्राम आहे तो मुळात परदेशातल्या लोकांनी आपापल्या बंगल्यापुढच्या हिरवळीला पाणी घालायला केलेला. पण माणसं दिलदार. त्यांनी तो उघडा ठेवला. कुणीही घ्या, बदला, वापरा, फक्त ज्याचं त्याचं नाव पुसू नका. शिरूरच्या मोनिकाताईंनी तो घेतला. त्या तिथं कॉम्प्युटरचा क्लास चालवतात, माहेर फुलशेतीवालं. त्यांनी आणि त्यांच्या दोन-चार सोबत्यांनी त्या प्रोग्रामची आपल्याकडची आवृत्ती केली. थ्री फेज मोटार, जाणारी-येणारी लाईट, मराठी बोलणं, असं सगळं त्यात घातलं. नाव ठेवलं 'शिवार'. वर मूळ प्रोग्राममध्ये नवीन काही आलं की ते खाली आपल्यात आणायचं, आणताना आपलं केलेलं मोडू द्यायचं नाही, हे काम ती बाई घरचं आवरून करत आलेली. पगार नाही, शाल नाही, नारळ नाही.

ज्योतिबा माझ्या बहिणीचा, भामाबाईचा मुलगा. त्याच्या आजोबांपर्यंत मेंढरं होती. तात्याबांनी, म्हणजे त्याच्या वडलांनी, ती विकून विहीर पाडली आणि घराणं एका जागी बसलं. पोरगं दौंडला आयटीआय झालं आणि रांजणगावच्या एका कंपनीत पॅनेलच्या वायरिंगला लागलं. हुशार, पण भिडस्त. पंगतीत वाढप्याला हात आडवा करता येईना म्हणून जिलेबी खाऊन आजारी पडलेला माणूस मी त्याच्याशिवाय पाहिला नाही. कंपनीच्या बसमध्ये येता-जाता मोबाईलवर बघून-बघून तो प्रोग्राम लिहायला शिकला आणि वस्तीवर डबे बसवताना त्याला एक गोष्ट दिसली. लाईट आली की सगळे डबे एकदमच मोटारी चालू करायचे. सगळ्या वस्तीचा लोड एका झटक्यात डीपीवर. डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. फ्यूज उडायचे, पुन्हा सगळे अंधारात.

ज्योतिबाने चार ओळी लिहिल्या. लाईट आल्यावर प्रत्येक डब्याने आपल्या नंबराप्रमाणे थोडं थोडं थांबायचं. पहिला लगेच, दुसरा त्याच्यामागून, असं करत शेवटपर्यंत. त्याने त्या मोनिकाताईंकडे पाठवल्या. ताईंनी परत पाठवल्या. लाईट मध्येच गेली तर काय? त्याने दुरुस्त करून पाठवल्या. पुन्हा परत. डबा नवीन बसवला तर त्याचा नंबर कोण ठरवणार? पुन्हा पाठवल्या. पुन्हा परत. मी असतो तर लॅपटॉप विहिरीत टाकून दिला असता. तोही एकदा दुकानात येऊन कुरकुरला, "मामा, बाईला काय पसंतच पडंना. म्हणती, जेवढं येगळं करू तेवढं जल्मभर सांभाळावं लागतंय."

शेवटी ताईंनी ते घेतलं. निम्मं त्यांनीच नीट करून दिलं होतं, पण नाव घातलं ज्योतिबाचं. एवढंच नाही, हे सगळ्यांच्या कामाचं आहे म्हणून त्यांनी ते इंग्रजीत नीट मांडून वर मूळ प्रोग्रामवाल्यांकडे पाठवलं, तेही त्याच्याच नावानं. तिकडच्यांनी घेतलं आणि कुठल्याशा देशातल्या एका माणसाने ज्योतिबाला 'धन्यवाद, मित्रा' असं लिहिलं. ते त्याने कौतुकानं वस्तीवर दाखवलं, आणि तिथं पप्पू होता.

फ्लेक्स चौकात लागला. पाठोपाठ बिरोबाच्या देवळापुढं सत्कार झाला. मी पुढच्याच रांगेत होतो. सोपानराव, वस्तीतले जुने कारभारी, त्यांनी शाल घातली आणि 'आमच्या पोरानं जगाला डबा दिला' असं ठोकून दिलं. ज्योतिबा बोलायला उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि "समद्यांचा आशीर्वाद" एवढं म्हणून खाली बसला.

घरी जाताना त्याने माझा हात धरला. "मामा, सांगणार व्हतो, की ह्यो माझा न्हाई. पण आई पुढंच बसली व्हती."

आक्का खरंच पुढं बसली होती आणि पदरानं डोळे पुसत होती. त्या वेळी मलाही वाटलं, जाऊ दे. एका फ्लेक्सनं कुणाचं काय जातंय? चार दिवसांनी उन्हानं रंग उडेल आणि लोक विसरतील.

पप्पूने सत्काराचे फोटो सगळीकडे सोडले होते. ते फिरत फिरत शिरूरला पोचायचे ते पोचलेच. मोनिकाताईंचा ज्योतिबाला एक ओळीचा मेसेज आला : 'अभिनंदन. हार छान दिसतोय.' बाकी शब्द नाही. ज्योतिबा तो मेसेज माझ्या दुकानात बसून सारखा उघडायचा आणि मिटायचा. चिडली असती, भांडली असती, तर त्याने पाय धरले असते. ह्या एका ओळीला काय उत्तर द्यावं ते त्याला सुचेना. लाजेनं त्याने उत्तरच दिलं नाही. त्यानंतर तिला काही लिहायचंच त्याने सोडलं. चूक केलेल्या माणसानं जे करू नये ते हेच, पण माणूस नेमकं हेच करतो.

इकडे वस्तीवर तो 'जनक' झालेला. कुणाची मोटार गुरगुरली, कुणाचा डबा ओला झाला, की बोलाव जनकाला. अशात एक दिवस दगडाबाईने त्याला बांधावर गाठलं. दगडाबाई त्याची चुलती. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन भांडगावला. एकटीनं शेती करणारी, तोंडानं फटकळ आणि कामाला वाघीण. तिचं रान वस्तीच्या टोकाला, मुरमाड. दसऱ्याला काढायचा म्हणून तिने झेंडू लावला होता. तिच्या डब्याचा नंबर शेवटचा. बाकीच्या मोटारी चालू होईपर्यंत व्होल्टेज इतकं पडायचं की तिची मोटार उचलायचीच नाही. तिची तक्रार खोटी नव्हती.

"तू जनक हायेस न्हवं?" ती म्हणाली. "मंग माझी मोटार आधी कर की. दसऱ्यापतूर कर, मंग ठिऊ नको."

आता हे मोनिकाताईंना कळवायचं होतं. त्यांनी काहीतरी रस्ता काढला असता. पण कोणत्या तोंडानं कळवणार? आणि 'मला विचारावं लागेल' असं दगडाबाईला सांगायचं, तर मग जनक कसला? ज्योतिबाने घरी बसून 'शिवार'ची एक वेगळी नक्कल केली, तिच्यात तो नंबराप्रमाणे थांबायचा थांबा काढून टाकता येईल अशी सोय केली, आणि दगडाबाईच्या डब्यात ती भरली. "काकू, कुणाला बोलू नका," म्हणाला.

ती बोलली नाही. पण मोटार काय मुकी असते होय? शेजारच्या विहिरीवर सोपानरावांनी ऐकली. ते ज्योतिबाला बाजूला घेऊन म्हणाले, "दगडीची आधी, आन् शाल घालणाऱ्याची मागून, व्हय?" त्यांचाही थांबा गेला. तेही कुणाला बोलले नाहीत. मग पलीकडच्या विहिरीवरचे बबनराव आले. मग पप्पू, तो तर घरचाच. वस्तीतलं एकेक घर गुपचूप आलं आणि एकेकाची मोटार सगळ्यात आधी झाली. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच पुढं आहोत. ज्योतिबाला कळत होतं की नाही? कळत होतं. तो मला नंतर म्हणाला, "मामा, पहिल्याला हो म्हणलो तवाच अडाकलो. दुसऱ्याला न्हाई म्हणलो आसतो तर त्यानं पहिल्याचं काढलं आसतं."

नवरात्राचे घट बसल्यानंतरची गोष्ट. सकाळी थ्री फेज लाईट आली आणि वस्तीवरच्या झाडून सगळ्या मोटारी एकाच क्षणी चालू झाल्या. डीपीतून मोठा आवाज आला, धूर निघाला, आणि तेल खांबावरून खाली ओघळलं. डीपी जळाली.

नवीन डीपी यायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागणारच होता. लोक देवळापुढं जमले आणि साहजिकच जनकाला विचारलं, असं कसं झालं? मी तिथं होतो. ज्योतिबाचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "शिरूरवरून नवीन आवृत्ती आलीया. तिच्यातच कायतरी गडबड आसंल."

मी त्याचा मामा आहे, लहानपणी ह्याच मांडीवर खेळवलाय. पण त्या वेळी त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. पप्पूने तिथल्या तिथं मोनिकाताईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि तोंडाला येईल ते बोलला. ताईंनी ऐकून घेतलं. "मी येऊन बघते," एवढंच म्हणाल्या.

त्या येईपर्यंतच्या दिवसांत ज्यांच्याकडे होतं त्यांनी डिझेल इंजिन आणलं, कुणी पाव्हण्यांकडून ट्रॅक्टर आणून त्यावर पंप चालवला. दगडाबाईकडं दोन्ही नव्हतं. ती कळशीनं पाणी वाहून सरीत ओतायची. मुरमाड रान, ओतलं की गडप. कळ्या धरलेली झाडं माना टाकायला लागली. ज्योतिबा तिचा बांध टाळून लांबच्या वाटेनं कंपनीच्या बसला जायचा. शरमेनं त्याचं जेवण तुटलं होतं. आक्का मला फोन करून विचारायची, "पोराला नजर लागली का रं?" मी काय सांगणार!

मोनिकाताई स्कूटीवरून आल्या. न्हावरा, पारगावचा पूल करत, उन्हात. साधी बाई, अंगावर कॉटनचा ड्रेस, खांद्याला लॅपटॉपची बॅग. पहिला डबा दगडाबाईचाच उघडला. ज्योतिबा आणि मी शेजारी उभे होतो. स्क्रीनवर बघता बघता त्यांचा हात थांबला.

"ज्योतिबा, हे आमचं नाहीये."

"न्हाई ताई."

"कुणी केलं?"

तो डब्याचं झाकण पुसायला लागला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. लॅपटॉप मिटता मिटता म्हणाल्या, "दगडाबाईंची अडचण खरी होती. मला लिहायचं होतंस. नंबर रोज आलटून पालटून लावले असते, तर ह्यांचंही भागलं असतं आणि दुसऱ्या गावांतल्या शेवटच्या माणसाचंही. चांगला बदल झाला असता तो. तुझ्याच नावावर."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्योतिबाने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

देवळापुढं सगळी वस्ती वाट बघत होती. सोपानरावांनी सुरुवात केली, "बाई, तुमी शिरूरात बसून आमच्या डीपीशी खेळताय व्हय?"

"चूक आमची आहे," मोनिकाताई म्हणाल्या. "सगळ्या डब्यांचा थांबा एकदम काढता येतो, हे आम्ही आधीच अडवायला पाहिजे होतं. आज ते बंद करून जाते. तुमच्या नुकसानीबद्दल मी माफी मागते."

त्यांनी हात जोडले. कुणाचं नाव घेतलं नाही, ज्योतिबाकडं बघितलंही नाही. जिनं सगळं उभं केलं ती माफी मागत होती आणि ज्यानं बिघडवलं तो सत्काराच्या शालीची ऊब खाऊन गप्प उभा होता. मला तिथं बसवेना. पण मी उठायच्या आत ज्योतिबाच पुढं झाला.

"थांबा. त्यांनी माफी मागायची न्हाई." तो लोकांकडं वळला. "डबा म्या केला न्हाई. मूळ परदेशातल्या लोकांचा हाय, आपल्याकडचा ह्या ताईंचा. माझ्या चार ओळी हायेत, त्याबी ह्यांनी नीट करून घेतलेल्या. आन् डीपी म्या जाळली. तुमच्या डब्यांचा थांबा म्याच काढला. एकेकाचा. आन् वरनं शिरूरचं नाव घेतलं. मला लाज वाटती. सत्कार घेतला तवापासनं वाटतीया."

 'एकेकाचा' ह्या शब्दावर लोक हळूच शेजारच्याकडे बघायला लागले होते. म्हणजे हापण? म्हणजे तूपण? आता ज्योतिबाचं खरं मानायचं, तर आपणही गुपचूप मागितलं होतं, हे चारचौघांत मानावं लागणार होतं.

सोपानरावांनी घसा खाकरला. "बघा," ते म्हणाले, "ह्याला म्हणत्यात संस्कार. बाईमाणसावर आळ नको म्हणून पोरगं समदं आंगावर घेतंय."

पप्पूने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. चांगली जोरात वाजवली. ज्योतिबा "आवो न्हाई, खरंच सांगतोय" म्हणत होता, आणि लोक "बस, बस, मोठ्या मनाचा हायेस" म्हणून त्याला दाबत होते. माझी बहीण पुन्हा पदरानं डोळे पुसत होती. आजवर मी तयार झालेलं खोटं छापत आलो. ते तयार होताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला स्वतःच्या माणसांची किळस आली.

"वाजवू नका," दगडाबाई म्हणाली.

ती मागं, पारावर बसली होती. उठून पुढं आली. पायाला चिखल वाळलेला.

"म्या मागितलं व्हतं त्याला. समद्यात आधी म्या." तिने सोपानरावांकडं बोट केलं. "आन् सोपान, तूबी मागितलंस. तुझी मोटार मला ऐकू येत न्हाई व्हय? बबन, तुझीबी. जनाची न्हाई तर मनाची तरी ठेवा. ही बाई एवढ्या लांबनं उन्हाची आली आन् तिच्याकडनं हात जोडून घेताय."

टाळ्या थांबल्या. सोपानराव टोपी काढून झटकायला लागले. बबनरावांना घरी काहीतरी काम आठवलं, पण उठायचा धीर होईना. मोनिकाताई बॅगेचा पट्टा धरून तशाच उभ्या होत्या.

ज्योतिबा दगडाबाईच्या पायांशी वाकला. "काकू, माझं चुकलं. तुमचं झेंडू माझ्यापायी गेलं."

तिने पाय मागं घेतले.

"झेंडू गेलं ते गेलं," ती म्हणाली. "मला माझी पडली व्हती, म्या मागितलं. मागणारा मागतोच. समदेच मागत्यात. पण न्हाई म्हणायचं काम तुझं व्हतं रं."

आणि ती रानाकडं निघून गेली. ज्योतिबा तसाच वाकलेला राहिला. त्याला ऊठ म्हणायला आमच्यापैकी कुणालाच तोंड नव्हतं.